नेट नसलेल्या गावासाठी एक डीव्हीडी: तीत काय भरावं, कसं भरावं

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत मोबाइलची रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि रस्त्याबरोबर बऱ्याचदा वीज आणि फोनही जातात. ही टोकाची गावं झाली. पण दारव्हा, आर्वी, मूल, मेहकर या तालुक्यांतल्या खेड्यांतही दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो आणि संध्याकाळी वीज आली तर आली. अशाच गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात एखादा जुना संगणक असतो, त्याला डीव्हीडी ड्राइव्ह असतो, आणि त्या ड्राइव्हचं दार कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नसतं. त्या ड्राइव्हचा चांगला उपयोग करता येतो. तो कसा, हे इथे सविस्तर सांगतो.

पेनड्राइव्ह स्वस्त झाला, मग डिस्कच्या भानगडीत कशाला पडायचं, असं कुणीही विचारेल. शाळेतून सेतू केंद्रात, तिथून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून ग्रामपंचायतीत फिरणारा पेनड्राइव्ह प्रत्येक ठिकाणचा व्हायरस सोबत घेऊन येतो. फोल्डर दिसेनासे होतात, त्यांच्या जागी शॉर्टकट उगवतात, आणि "सर, माह्या सगळ्या फाइली उडाल्या नं" म्हणत पोरगं समोर उभं राहतं. कुणी चुकून पुसतं, कुणी सिनेमा भरायला जागा हवी म्हणून मुद्दाम पुसतं. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर ही सोयच नसते. लिहून बंद केलेल्या डिस्कवरची फाइल बदलत नाही, पुसली जात नाही, आणि नंतरच्या कुठल्याही व्हायरसला तिच्यात शिरायला वाट मिळत नाही. लिहिणारा संगणक मात्र स्वच्छ हवा, कारण त्या वेळी व्हायरस सोबत गेला तर तोही कायमचा बसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्या माहितीवर गावाने भरवसा ठेवायचा, तिची मूळ प्रत डिस्कवर असावी. रोजच्या वापरासाठी ती हार्डडिस्कवर उतरवून घ्यावी, हवी त्याला पेनड्राइव्हवर द्यावी. तिथलं काही बिघडलं की डिस्क लावून पुन्हा उतरवावी.

डिस्कमध्ये नेमकं काय असतं

डीव्हीडी १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची. खरं तर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. कोऱ्या डिस्कच्या त्या थरात एक सेंद्रिय रंग असतो. लिहिताना लेसर त्या रंगात अतिसूक्ष्म ठिपके तापवून त्याचा गुणधर्म बदलतो. वाचताना लेसर कमी ताकदीने फिरतो आणि कुठून प्रकाश नीट परत आला, कुठून कमी आला, यावरून एक आणि शून्य ओळखले जातात. सगळे ठिपके आतून बाहेर गोल गोल जाणाऱ्या एकाच रेषेवर असतात. ती रेषा सरळ ताणली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल, अमरावतीहून निघून बडनेऱ्याच्या पुढे जाईल.

सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या तिन्ही चकत्या दिसायला सारख्याच, पण सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५०चा, ब्लू-रेसाठी ४०५चा. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक पडतो आणि रेषा जवळ बसवता येतात. सीडीत शेजारच्या दोन रेषांत १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीत ०.७४, ब्लू-रेत ०.३२. त्यामुळे सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. गावातल्या संगणकांत ब्लू-रे ड्राइव्ह जवळजवळ नसतोच. सीडी सगळीकडे चालते, पण तिच्यात फार कमी बसतं. तेव्हा साधी एकथरी डीव्हीडी घ्यावी, तीही एकदाच लिहिता येणारी.

डिस्कच्या पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि संगणक मात्र ४.३८च दाखवतो. यात कुणी फसवत नाही. कंपनी १०० कोटी बाइटचा एक जीबी धरते, विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटचा धरतं. आपण चार जीबीच्या आसपासच थांबावं. लिखाण आतून बाहेर जातं, आणि हाताळताना बोटं, घासणं, पडणं हे सगळं आधी बाहेरच्या कडेला सोसावं लागतं. ती कड कोरी राहिलेली बरी.

चार जीबीत किती मावतं

याचा अंदाज नसल्यामुळे लोक डिस्क व्हिडिओंनी भरून टाकतात. संगणकात अक्षरं साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एका पानावर दोन हजार चिन्हं धरली तर ३०० पानांचं मराठी पुस्तक जेमतेम १.८ एमबीचं होतं, म्हणजे तशी दोन हजारांहून जास्त पुस्तकं एका डिस्कवर बसतात. तेच पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केलं की सहज तीस-चाळीस एमबीवर जातं, आणि त्यात शब्द शोधताही येत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती नुसती चित्रं असतात. एका तासाच्या बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला तीनचारशे एमबी लागतात. संदर्भ म्हणजे गरज पडली की उघडून हवी ती ओळ शोधायची गोष्ट. तेव्हा आधी मजकूर, मग नकाशे आणि आकृत्या, मग आवाज, आणि जागा उरली तर व्हिडिओ, असा क्रम मी ठेवतो.

हे नवं नाही. हक्क संपलेली पुस्तकं नेटवर मोफत देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गने २००३ मध्ये सुमारे सहाशे पुस्तकं एका सीडीवर बसवून वाटली होती. मल्याळम विकिपीडियाच्या मंडळींनी २०१० मध्ये ५०० निवडक लेखांची सीडी काढली. त्या ५०० लेखांमागची निवड मला फार मोलाची वाटते. कुणीतरी बसून हे हवं, हे नको, असं ठरवलं. गावासाठी डिस्क करणाऱ्याचं खरं काम तेच आहे.

काय भरावं

निवडताना मी दोन प्रश्न विचारतो. ही माहिती पाच वर्षांनीही खरी असेल का? आणि नेट नसताना ती मिळाली नाही तर कुणाचं अडेल का? दोन्हींना होकार आला तर ती डिस्कवर जाते.

कोश आणि ज्ञानकोश या कसोटीला सहज उतरतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. तो आज कुणाच्याही हक्कात नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीत वाढले, शाळाही तिथलीच. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात निघाले. त्यातलं विज्ञान जुनं झालं आहे हे डिस्कवर ठळक लिहावं, पण इतिहास, धर्म, स्थळं यांसाठी तो आजही उघडावा असा आहे. आजच्या माहितीसाठी मराठी विकिपीडिया. किविक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम अख्खा विकिपीडिया एकाच आटोपशीर फाइलमध्ये देतो आणि नेटशिवाय उघडतो. मराठीचा संच डीव्हीडीवर बसतो. इंग्रजीचा चित्रांसकट शंभर जीबीच्या घरात जातो, त्याच्या नादी लागू नये. किविक्सची फाइल थेट डिस्कवरून चालवली तर ड्राइव्ह सारखा मागेपुढे पळतो आणि पान उघडायला वेळ लागतो, म्हणून ती आधी हार्डडिस्कवर उतरवावी. विंडोज ७सारख्या जुन्या यंत्रांसाठी किविक्सची वेगळी आवृत्ती घ्यावी लागते.

शेतीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून विदर्भातल्या कपाशी, सोयाबीन, तूर, संत्र्यावर काम करतं. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्थाही नागपूरलाच. यांच्या पत्रिका मराठीत मिळतात. त्यांतलं जमिनीचा पोत, पेरणीचं अंतर, बोंडअळीची ओळख, फुलातल्या अळीने केलेल्या डोमकळ्या कशा दिसतात, कामगंध सापळे कसे लावायचे, हे सगळं टिकाऊ आहे. बाजारभाव, विम्याच्या तारखा, अनुदानाचे अर्ज हे टिकाऊ नाही. ते डिस्कवर घालू नये, कारण दोन वर्षांनी एखादा शेतकरी तीच तारीख खरी धरून बसेल.

फवारणीच्या औषधांचं काय करायचं हा अवघड भाग. कोणतं औषध कोणत्या पिकावर, किती मात्रेत, याच्या सरकारी शिफारशी बदलत राहतात, काही औषधांवर बंदीही येते. त्या टाकायच्याच असतील तर फाइलीच्या नावातच वर्ष हवं. पण डब्यावरचं लेबल वाचायला शिकवणारं पान प्रत्येक डिस्कवर असलंच पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डब्यावर चौकोनात जो रंगीत त्रिकोण असतो, त्याचा अर्थ त्या पानावर मोठ्या चित्रासह द्यावा: लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी विषारी. खाली लिहावं की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारताना तंबाखू खाऊ नये, अंगावर औषध पडलं तर कपडे लगेच काढून साबणाने अंग धुवावं, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर दवाखान्यात जावं आणि डबा किंवा त्यासोबतची पत्रिका बरोबर न्यावी. डॉक्टरला उतारा ठरवायला त्या पत्रिकेची मदत होते. हे पान रंगीत छापून कृषी केंद्रात लावता यावं अशा आकारातही ठेवावं.

त्याच फोल्डरमध्ये साप चावल्यावर काय करायचं याचं पान. आपल्याकडे जिवावर बेतणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात मिळणारी एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. आवळून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हातपाय फळी बांधून स्थिर ठेवावा, १०८ला फोन करावा आणि मांत्रिकाकडे न थांबता दवाखाना गाठावा. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावली तर खूण दिसतही नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. ही ओळ माहीत नसल्याने उशीर होतो. ती मोठ्या अक्षरांत द्यावी.

कायद्यांपैकी गडचिरोली, मेळघाट, गोंदियाकडच्या गावांना २००६चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम मराठीत जवळ हवेतच. मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले ते कागद हातात ठेवून. माहितीचा अधिकार कायदा २००५चा, तोही घ्यावा. कायद्यात दुरुस्त्या होतात, म्हणून पहिल्याच पानावर 'अमुक महिन्यापर्यंतची प्रत' असं लिहावं.

शाळेसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी जुन्या प्रश्नपत्रिका.

आणि गावाचं स्वतःचं काही. ग्रामसभेचे ठराव, गावाचा जुना नकाशा, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून रेकॉर्ड केलेली गाणी, औषधी झाडांची नावं. हे जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, म्हणून जागेची ओढाताण झाली तर विकिपीडिया कमी करा पण हे ठेवा. लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुकं, जातीचे दाखले मात्र कधीही घालू नका. डिस्कवर गेलेलं परत घेता येत नाही, हा तिचा गुण इथे घातक ठरतो.

संगणकासाठीचं सामान

डिस्क उघडणाऱ्या संगणकात पीडीएफ वाचायलाच काही नसलं तर बाकी सगळं व्यर्थ. म्हणून एक फोल्डर प्रोग्रॅमचा: हलका पीडीएफ वाचक सुमात्रा, सगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी, झिप फाइली उघडायला सेव्हन-झिप, आणि लेखन-हिशेबासाठी लिबरऑफिस, ज्याचा चेहरामोहराही मराठीत करता येतो. हे सगळे मोफत आणि वाटायला खुले आहेत. आवृत्ती बघून घ्यावी. गावातल्या कित्येक यंत्रांवर अजून विंडोज ७ आहे. फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती त्याच्यावर चालणारी शेवटची, आणि लिबरऑफिस २५.८ पासून विंडोज ७वर चालत नाही. नवीनतम आवृत्ती उतरवून डिस्कवर टाकली आणि गावात ती उघडलीच नाही, असं होऊ देऊ नका.

मुक्त, नोटो, लोहित या खुल्या देवनागरी फॉन्टांनाही जागा द्यावी. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर वेगळ्या जातीचा असतो. आत साठवलेली चिन्हं रोमन असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते आणि 'बोंडअळी' असं शोधलं तर काहीच सापडत नाही. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, मगच डिस्कवर चढवावा. यात वेळ जातो, मात्राही कुठेकुठे तुटतात, पुन्हा वाचून दुरुस्त करावं लागतं. तरीही हे टाळू नये.

दुसरी वेगळी डिस्क करता आली तर लिनक्स मिंटची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत यंत्रणेची करावी. ती लावून संगणक सुरू केला की विंडोज बंद पडलेलं असलं तरी यंत्र चालू होतं आणि अडकलेल्या फाइली बाहेर काढता येतात. मिंटची प्रत साध्या डीव्हीडीत मावते. उबुंटू या तशाच दुसऱ्या यंत्रणेची हल्लीची प्रत मावत नाही. ही फाइल नेहमीसारखी डिस्कवर कॉपी केली तर संगणक तिच्यावरून सुरू होणार नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'डिस्क इमेज' लिहिण्याचा पर्याय निवडावा लागतो.

हक्कांचा प्रश्न

नेटवर वाचायला मोफत आहे म्हणजे डिस्कवर वाटायला मोफत आहे, असं होत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही मोजणी मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांना खुली झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. विदर्भातल्या घराघरांत त्यांच्या ओव्या आहेत, तरी डिस्कवर घ्यायच्या तर आज परवानगी विचारायला हवी. बालभारती, मराठी विश्वकोश, कृषी विद्यापीठाच्या पत्रिका यांचे हक्क त्या-त्या संस्थांकडे आहेत. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या लेटरहेडवर एक पत्र पाठवावं. कशासाठी, किती प्रती, विक्री नाही, एवढं त्यात असावं. उत्तर येईपर्यंत तेवढी जागा रिकामी ठेवावी. विकिपीडियाचा परवाना वाटायला मोकळीक देतो, फक्त मूळ श्रेय आणि परवान्याचा उल्लेख सोबत ठेवावा लागतो.

रचना आणि लिखाण

शेकडो फाइली नुसत्या ओतल्या तर पाचव्या मिनिटाला माणूस उठून जातो. डिस्क उघडताच एक अनुक्रमणिकेचं पान दिसावं: शेती, आरोग्य, कायदा, शाळा, कोश, प्रोग्रॅम, आमचं गाव. वेबसाइटचं असतं तसं साधं एचटीएमएल पान पुरतं, ते कुठल्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतं. दुवे देताना एक काळजी घ्यावी. दुव्यात 'डी ड्राइव्हमधला शेती फोल्डर' असा पूर्ण पत्ता टाकला तर तुमच्याकडे तो चालेल, पण शाळेच्या संगणकात डीव्हीडी ड्राइव्हचं अक्षर ई किंवा एफ असलं की सगळे दुवे मरतील. पत्ता अनुक्रमणिकेच्या पानापासून मोजून द्यावा: इथून शेती फोल्डर, त्यात कपाशी. पानाच्या डोक्यात यूटीएफ-८चा उल्लेख हवा, नाहीतर जुना ब्राउझर मराठीचा चिवडा करतो.

फाइलींना मराठी नावं देता येतात, पण आखूड द्यावीत. डिस्क वाचण्याच्या जुन्या पद्धतींपैकी जोलिएटमध्ये नाव ६४ चिन्हांपर्यंतच जातं, आणि मराठीत मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'चंद्रपूर' लिहिताना चार अक्षरं दिसतात, संगणकाच्या हिशेबात ती आठ आहेत. यूडीएफ पद्धत निवडली तर लांब नावं आणि चार जीबीहून मोठ्या फाइलीही चालतात. लिहिताना वेग कमी ठेवावा. चारपट वेगाने पूर्ण डिस्क पंधरा मिनिटांत होते. मध्ये वीज जाऊ नये म्हणून संगणकाला यूपीएस हवा किंवा चार्ज केलेला लॅपटॉप. लिहून झाल्यावर 'डिस्क बंद करा' आणि 'तपासून बघा' हे दोन्ही पर्याय निवडलेले असावेत. बंद न केलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये अनेकदा उघडत नाही.

मग ती डिस्क गावातल्या सगळ्यांत जुन्या संगणकावर नेऊन उघडावी. जिथे लिहिली तिथे उघडली याला काही अर्थ नाही. सेव्हन-झिपने प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ आकडा काढून त्याची यादी डिस्कवर ठेवावी. फाइलीतलं एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा पूर्ण बदलतो. तीन वर्षांनी कुणीही पुन्हा काढून ताडून बघू शकतो की फाइल तीच आहे.

उन्हाळा आणि धूळ

डिस्कमधला रंग सेंद्रिय आहे, त्याला उष्णता आणि ऊन सोसत नाही. चंद्रपूर, अकोला, वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि टिनाच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. डिस्क आतल्या खोलीतल्या कपाटात, डबीत उभी ठेवावी. खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, इन्व्हर्टरच्या डोक्यावर नको. कागदी लेबल चिकटवू नये, त्याने फिरताना डिस्कचा तोल जातो. पाण्यावर आधारलेल्या शाईच्या पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर नाव आणि महिना-वर्ष लिहावं. धूळ पुसताना मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसावं, गोल कधीच नाही. चुका दुरुस्त करणारी रीड-सॉलोमन नावाची गणिती युक्ती डिस्कमध्ये आधीच असते, ती १९६०ची. रेषेला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच खातो आणि ही युक्ती ते भरून काढते. गोल ओरखडा एकाच रेषेवरचा लांब पट्टा सलग पुसतो, तिथे तिचाही इलाज चालत नाही.

डिस्क शेवटी जाणारच हे धरून चालावं. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये बीबीसीने देशभरातल्या शाळांकडून माहिती गोळा करून मोठ्या लेसर डिस्कवर भरली होती. वीस वर्षांच्या आतच ती वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली आणि मजकूर वाचवायला खटपट करावी लागली. आता आपल्या डिस्कांचीही पाळी येते आहे. भारतात डिस्क बनवणारी मोझर बेअर बंद पडली, सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन २०२५ मध्ये थांबवलं, नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. म्हणून तालुक्याच्या एखाद्या वाचनालयाने यूएसबीवर चालणारा एक बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन ठेवावा, आणि प्रत्येक डिस्कच्या तीन प्रती कराव्यात: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर कुणाकडे तरी. सगळा मजकूर एखाद्या हार्डडिस्कवरही राहू द्यावा.

नवी आवृत्ती दरवर्षी खरिपाआधी काढावी, कारण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी तेव्हा हातात असतात आणि पाऊस सुरू झाल्यावर रस्ते बंद होतात. नवी देताना जुनी परत मागून घ्यावी. कोशाची जुनी डिस्क राहिली तर काही बिघडत नाही, पण ज्या डिस्कवर औषधांच्या मात्रा आहेत ती कुणाच्या घरी राहू देऊ नये. ती परत आली की मध्ये कापून टाकावी आणि कुणाकडची आली, कुणाकडची राहिली, याची नोंद वाचनालयाच्या वहीत करावी.